बोटाचं रक्त, दंडाचं रक्त

कोलेस्टेरॉल मोजायचं रक्त दोन ठिकाणाहून घेता येतं. एक कोपराच्या खोबणीतून, सुईनं. दुसरं बोटाच्या टोकातून, टोचणीनं. पहिलं रक्त नळीत जातं, नळी लॅबमध्ये जाते आणि आकडा दुसऱ्या दिवशी कागदावर येतो. दुसरं पट्टीवर पडतं, पट्टी तळहाताएवढ्या मशीनमध्ये जाते आणि रुग्ण समोर बसलेला असतानाच आकडा दिसतो. मी एकतीस वर्षं तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन होते. यातल्या पहिल्या रक्ताची मला भारी घमेंड होती. त्या घमेंडीपायी मी एका माणसाचा खरा आकडा खोटा ठरवला. त्याचं नाव हिरामण. तो आज नाही. दिवाळी अंकासाठी ‘दवाखान्यातल्या गमतीजमती लिहा’ असा निरोप आला तेव्हा मी हो म्हटलं, कारण गमती पुष्कळ आहेत. त्याही सांगते. पण हिरामणला वगळून बाकीचं सांगितलं तर ती नुसती फुशारकी होईल.

आधी लॅब म्हणजे काय ते सांगते. लोकांना वाटतं, एका बाजूनं रक्त ओतलं की दुसऱ्या बाजूनं आकडा पडतो. तसं असतं तर मला पगार कशाला दिला असता? दंडातून काढलेलं रक्त नळीत अर्धा तास उभं ठेवायचं, ते गोठतं. मग नळी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. तांबड्या पेशी खाली बसतात, वर पिवळसर पाणी राहतं, त्याला सिरम म्हणतात. तपासणी त्या सिरमची. आणि रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी कंट्रोल लावायचं. कंट्रोल म्हणजे असं सिरम की ज्याचा आकडा आपल्याला आधीच माहीत असतो. मशीननं तोच आकडा दाखवला तर मशीन शुद्धीवर आहे असं समजायचं. नाही दाखवला तर बाहेर कितीही लाइन लागो, सुरू करायचं नाही. एकदा कंट्रोल चुकलं म्हणून मी दुपारपर्यंत एकही रिपोर्ट दिला नाही. डॉक्टर येऊन ओरडले, नर्स येऊन ओरडली, एका पेशंटच्या जावयानं टेबल बडवलं. मी म्हटलं, ओरडा, मशीनला ऐकू जात नाही. मला त्या दवाखान्यात खडूस म्हणत. पाठीमागे म्हणत असं नाही, तोंडावरच म्हणत. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे विदर्भाच्या पूर्व टोकाला, पाठीमागे बोलायची फारशी पद्धत नाही.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत ते छोटं मशीन आलं. मी त्याला डबी म्हणायची. डबीचं ट्रेनिंग द्यायला एक सुटाबुटातला माणूस आला होता. तो हिंदीत म्हणाला, “मैडम, अब लैब की जरूरत ही नहीं.” मी त्याच्यासमोर त्याच्याच बोटाचं रक्त दोनदा घेतलं. पहिल्यांदा बोट नीट धरून, आपोआप आलेला थेंब. दुसऱ्यांदा बोट पिळून पिळून. दुसरा आकडा वीसनं कमी आला. बोट पिळलं की रक्ताबरोबर मांसातलं पाणी उतरतं आणि रक्त पातळ होतं, एवढी साधी गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. तो चहा न पिताच गेला. मी हा किस्सा पुढं वर्षभर सांगत होते.

डबीच्या खोड्या मी पाठ करून ठेवल्या होत्या. थेंब लहान पडला तर आकडा चुकतो. पट्ट्या उन्हात तापलेल्या जीपमध्ये राहिल्या तर चुकतो, आणि आमच्याकडचा मे महिना काय असतो ते मी वेगळं सांगायला नको. रक्त कमी असलेल्या बाईचा आकडा वेगळाच येतो. आमच्या भागात सिकलसेल आहे, रक्त कमी असलेली माणसं घरोघरी आहेत. आणि सगळ्यात मोठी खोड म्हणजे बोट. दंडाची शीर आतून स्वच्छ असते, तिनं सकाळपासून काही हाताळलेलं नसतं. बोटानं जग हाताळलेलं असतं.

गोंदियाचे एक राइस मिलवाले शेठ होते. त्यांची सासुरवाडी आमच्या तालुक्याला, म्हणून येत. त्यांनी डबी घरीच विकत घेतली होती. डाव्या हाताच्या पाचही बोटांचं रक्त वेगवेगळं तपासायचे आणि वहीत मांडून माझ्याकडं यायचे. “मैडम, करंगळी सबसे अच्छी आती है.” मी म्हटलं, शेठजी, हृदयाला करंगळीचंच रक्त जातं असं कुठं लिहिलं आहे का? मग मी दंडाचं घेतलं. ते पाचही बोटांपेक्षा जास्त निघालं. शेठ कागद उलटसुलट करून बघत म्हणाले, “आपकी मशीन पुरानी हो गई होगी.” माणसाला आकडा नको असतो, निकाल हवा असतो, तोही आपल्या बाजूचा.

उपाशी पोटी या म्हटलं की लोक चहा पिऊन येत. चहा घेतला का विचारलं तर, “चहा म्हणजे का जेवण हाय का जी?” पेज पिऊन येत. एक म्हातारी तर तांदळाची भाकर खाऊन आली आणि मला म्हणाली, “पोट उपाशीच आहे माय, अर्धीच खाल्ली.” अशांना मी परत पाठवायची. वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला परत पाठवायची. नियम म्हणजे नियम. आज त्या गोष्टीचं मला तेवढं कौतुक वाटत नाही. परत पाठवलेल्यांपैकी किती पुन्हा आले, ते मी कधी मोजलं नाही.

माझ्या टेबलाला एक खण होता. त्यात न नेलेले रिपोर्ट असत. बिनचूक, कंट्रोल लावून काढलेले, सही-शिक्क्याचे. जंगलाकडच्या गावातला माणूस एकदा रक्त द्यायला येतो. रिपोर्ट न्यायला दुसऱ्या दिवशी परत यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते आणि एसटीची वेळ जुळत नाही. खण भरला की आम्ही रिपोर्ट गठ्ठा बांधून कपाटावर टाकायचो. डबीवाला सुटाबुटातला माणूस हा खण बघून गेला असता तर त्याला माझ्याशी भांडायला एक चांगला मुद्दा मिळाला असता. मी अर्थातच त्याला खण दाखवला नाही.

आता ते शिबिर.

केशोरीच्या पलीकडं एक गाव आहे. धान चुरून, म्हणजे मळून, झालं होतं, थंडी होती, शेतातल्या बांध्या रिकाम्या होत्या. माणसं घरी सापडतात ते हेच दिवस, म्हणून शिबिर तेव्हा ठेवलेलं. समाजमंदिरात दोन रांगा केल्या. डावीकडं बाया, उजवीकडं गडीमाणसं. टेबलावर डबी, तिच्यामागं मी. शेजारच्या टेबलावर आमचे नवे तरुण डॉक्टर. मी बोट टोचायची, आकडा रजिस्टरमध्ये लिहायची आणि चिठ्ठीवर लिहून माणसाला डॉक्टरकडं पाठवायची. बायांचं एक पान, गड्यांचं समोरचं पान. गावची आशाताई सुनंदा रांग सांभाळत होती. सुनंदा म्हणजे गावात कुणाला दिवस गेले, कुणाची गोळी संपली, सगळं तोंडपाठ असलेली बाई. तिचं काम कधी अर्धवट नसायचं.

सुरुवातीच्या चार-पाच बाया ठीक गेल्या, फक्त टोचायला त्रास होत होता. धान कापून, बांधून, भांडी राखेनं घासून बायांच्या बोटांची कातडी चपलेसारखी झालेली. टोचणी आत शिरेना. दोन-दोनदा टोचावं लागलं, एक बाई कळवळली. त्यानंतर टोचणं अचानक सोपं झालं. मला वाटलं, आपला हात बसला.

मग डबी वेड्यासारखं करायला लागली. डबी चार आकडे दाखवते, त्यातला एक कोलेस्टेरॉलचा आणि एक ट्रायग्लिसराइडचा. ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तात फिरणारी दुसऱ्या प्रकारची चरबी. तर एकामागून एक बाई, आणि प्रत्येकीचं ट्रायग्लिसराइड मोजमापाच्या बाहेर. मशीन आकडाच दाखवेना, नुसतं ‘जास्त’ म्हणे. भाजीवर तेलाचा चमचा मोजून टाकणाऱ्या घरातल्या बाया या. डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते प्रत्येकीला सांगत होते, गोंदियाला जा, मोठ्या दवाखान्यात दाखवा. समाजमंदिराच्या पायरीवर दोन बाया रडत बसल्या होत्या.

मधूनमधून गडीही येत होते. त्यात हिरामण होता. चाळिशी नुकती ओलांडलेला, काटक, पोट पाठीला लागलेलं. दुसऱ्याच्या शेतावर जायचा आणि उन्हाळ्यात बिडीचा तेंदूपत्ता तोडून त्याचे पुडे फडीवर, म्हणजे पानं जमा करायच्या जागी, द्यायचा. बोट धरलं तेव्हा त्याच्या बोटांच्या सांध्यांवर गाठी लागल्या, चिंचोक्याएवढ्या, टणक.

“हे काय आहे भाऊ?”

“विळ्याच्या गाठी हाय जी. माह्या बापालेबी होत्या.”

मी आकडा लिहिला. तो डॉक्टरांकडं गेला. डॉक्टरांनी त्यालाही गोंदियाची चिठ्ठी दिली. तो चिठ्ठी हातात घेऊन भिंतीशी उभा राहिला. घरी गेला नाही.

रांगा संपत आल्या तेव्हा मी उठले. माझ्याच बोटाचं रक्त तपासलं, नॉर्मल आलं. म्हणजे डबी शुद्धीवर होती. मग मी बायांच्या रांगेच्या टोकाला गेले. तिथं सुनंदा स्टूलवर बसून एका बाईच्या बोटांना काहीतरी चोळत होती. गुलाबपाण्याचा वास येत होता.

“हे काय करून राहिली तू?”

“काई नाई मॅडम. बायांच्या बोटाची चामडी लय कडक झाली. तुमची टोचणी आत जाऊनच नाई राहिली. म्हटलं, जरा नरम करून धाडतो.” तिनं बाटली दाखवली. ग्लिसरीन आणि गुलाबपाणी. थंडीत फुटलेल्या हातापायांना लावायला आमच्याकडं घरोघरी असते ती बाटली.

मला हसू आलं आणि एकदम आनंदही झाला. खोटं कशाला सांगू, फार आनंद झाला. डबी ट्रायग्लिसराइड मोजते ते त्यातलं ग्लिसरीन सुटं करून. बोटालाच ग्लिसरीन चोळलेलं असेल तर ती बिचारी तेही मोजणार. वर स्पिरिटचा बोळा फिरवून ते जात नाही, साबण-पाणी लागतं. म्हणजे मी इतकी वर्षं बोटाबद्दल जे ओरडत होते ते सगळं या एका बाटलीनं सिद्ध केलं होतं. मी डॉक्टरांना बोलावून बाटली दाखवली. ते तरुण होते, खुर्चीवर बसलेच. “मॅडम, तुम्ही नसता तर मी अर्धं गाव गोंदियाला पाठवलं असतं.”

मी समाजमंदिराच्या मधोमध उभी राहिले आणि मोठ्यानं सांगितलं, “आजचे सगळे आकडे रद्द. मशीनची चूक झाली. कुणाला काही झालेलं नाही. चिठ्ठ्या फाडून टाका.”

पायरीवरच्या बाया उठून हसायला लागल्या. सुनंदा लाजेनं लाल झाली. एक म्हातारी तिला म्हणाली, “अवो सुनंदे, आता माह्या तोंडालेबी लाव, काही मोजून निघते का पाहू.” गडीमाणसंसुद्धा हसली. मी टेबलाशी आले, रजिस्टर उघडलं, रेघा मारायची पट्टी घेतली आणि दोन्ही पानांवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरप्या रेघा मारल्या. वर ‘रद्द’ लिहून सही केली.

हिरामण जवळ आला. चिठ्ठी अजून हातात होती.

“मॅडम, मंग माहा बी खोटा का जी?”

“तुमचाही खोटा. जा भाऊ, घरी जाऊन जेवा.”

तो हसला. चिठ्ठीचे दोन तुकडे करून नीट खिशात ठेवले, समाजमंदिरात कचरा नको म्हणून. मग गेला.

पुढच्या आठवड्यात मी त्या गावच्या दहा बायांचं दंडातलं रक्त आणून लॅबमध्ये तपासलं. दहाही नॉर्मल. मी तो कागद जिल्ह्याच्या मीटिंगमध्ये वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. शिबिराच्या जागी साबण आणि पाण्याची बादली ठेवायची, हा नियम तेव्हापासून झाला. गड्यांपैकी कुणाचं रक्त मी मागवलं नाही. दहा पुरेत, असं वाटलं.

तेंदूपत्त्याचा हंगाम संपत आला तेव्हा सुनंदा मलेरियाच्या रक्ताच्या काचा घेऊन लॅबमध्ये आली. काचा मोजून घेता घेता मी विचारलं, गावात काय चाललं आहे.

“काई नाई. थो हिरामण गेला जी. फडीवर पुडे ठेवाले गेला, झाडाखाली बसला, म्हणे गॅस झाला. अन् तठीच आडवा झाला. गाडी येवपर्यंत संपला. त्याचा बाप बी असाच गेला होता, ह्याच वयात.”

मी कोण हिरामण ते आठवत होते. मग बोटांच्या गाठी आठवल्या.

“सुनंदा, त्या दिवशी तू गड्यांनाही ग्लिसरीन लावलं होतं ना?”

“गड्यांले कायले? थे का बोंबलत होते? मी बायांच्याच रांगेत होतो, मॅडम. तुम्ही पाहलं नाही का?”

ती गेल्यावर मी रजिस्टर काढलं. गड्यांचं पान. माझी तिरपी रेघ त्याच्या नावावरून गेली होती, पण आकडे वाचता येत होते. ट्रायग्लिसराइड एकशे चोवीस. म्हणजे नॉर्मल. म्हणजे त्याच्या बोटाला ग्लिसरीन नव्हतंच, हे त्याच ओळीत लिहिलेलं होतं. आणि कोलेस्टेरॉल तीनशे अठ्ठेचाळीस. ग्लिसरीननं ट्रायग्लिसराइड फुगतं, कोलेस्टेरॉल फुगत नाही. ते वेगळ्या रसायनानं मोजतात. ही गोष्ट मी शिकाऊ पोरींना पहिल्याच आठवड्यात शिकवायची. बायांच्या पानावरही कोलेस्टेरॉलचे आकडे सगळे शहाण्यासारखे, दोनशेच्या आतबाहेर. त्या दोन पानांत बिघडलेलं कोलेस्टेरॉल एकच होतं. कोणीही नुसती नजर फिरवली असती तरी दिसलं असतं. मी नजर फिरवली नाही, पट्टी फिरवली.

मी रजिस्टर घेऊन डॉक्टरांकडं गेले. त्यांनी ओळ वाचली आणि बोटांवर गाठी होत्या का, बाप कसा गेला ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच चढं असतं, खाण्यापिण्याशी त्याचा संबंध नाही, माणूस कितीही काटक असो. ते सांध्यांवर साठतं आणि हृदयाच्या शिरांतही, मग तरुणपणीच झटका येतो. त्या विळ्याच्या गाठी नव्हत्या. बाप तरुणपणी गेला, हे त्यात जुळतं. आणि मग त्यांनी विचारलं, “त्याला मुलंबाळं आहेत का?”

मला कुणी काही बोललं नाही. चौकशी झाली नाही, कारण तक्रारच नव्हती. फडीवर माणूस गॅसनं गेला, असं गाव मानत होतं. डॉक्टरांनीसुद्धा आपली चिठ्ठी आपणच फाडू दिली म्हणून स्वतःला दोष दिला. मी त्यांना म्हटलं, तुमची चिठ्ठी बरोबर होती, मी ती रद्द केली. मी बिनचूक कामाबद्दल नाव कमावलेली बाई. एवढी मोठी चूक करायलाही बहुतेक तेवढंच नाव लागतं. माझ्या जागी नवखी पोरगी असती तर डॉक्टरांनी तिला दोन प्रश्न विचारले असते.

सुनंदाला घेऊन मी हिरामणच्या घरी गेले. पिशवीत सुई, नळ्या, बर्फाचा डबा आणि डबी, दोन्ही रक्तांचं सामान घेतलं. त्याची बायको रेखा पडवीत तांदूळ निवडत होती. मुलगी आचल, चौदा वर्षांची, आमच्यासाठी पाणी घेऊन आली. रेखानं मला ओळखलं.

“तुम्ही त्या मशीनवाल्या मॅडम ना? थे लय नाव घेत तुमचं. त्या दिवशी मोठे खुशीत घरी आले. म्हणे, डॉक्टर घाबरवून राहिला होता, पण मॅडमनं सांगतलं काही नाही तुले. मंग मधात दोनदा छातीत दुखलं. मी म्हटलं, दवाखान्यात चला. तं म्हणे, कायले? मॅडमनं तपासलं आहे ना.”

सुनंदा खाली बघायला लागली. मी वाटेत जे बोलायचं ठरवलं होतं ते सोडून दिलं. मी सरळ सांगितलं.

“रेखाबाई, त्यांचा आकडा खरा होता. मी खोटा म्हटलं. माझी चूक झाली.”

तिचे हात सुपात थांबले. मग म्हणाली, “गोळी राहते का त्याची?”

“राहते.”

“मंग थे वाचले असते?”

“गोळी सुरू झाली असती. पुढचं नक्की सांगता येत नाही.”

“नाई सांगता येत म्हणजे वाचलेबी असते.”

“हो,” मी म्हटलं. मला तिथं रडू आलं. रेखा रडली नाही. तिनं सूप बाजूला ठेवलं आणि विचारलं, “मंग आता कायले आले तुम्ही?”

मी मुलीचं सांगितलं. हे बापाकडून लेकराकडं येऊ शकतं, आजोबाकडून बापाकडं आलं तसं. रेखानं आचलकडं पाहिलं आणि तिचा हात धरून तिला माझ्यासमोर बसवलं. मी आचलला साबणानं हात धुवायला लावले, एकदा, मग पुन्हा. पुसून कोरडे केले. आधी बोटाचं रक्त घेतलं, न पिळता, आपोआप आलेला थेंब. मग दंडाचं. डबीनं दोनशे शहाण्णव दाखवलं. मी म्हटलं, मशीन जास्त दाखवतं आहे, पण आज पक्कं म्हणत नाही, उद्या लॅबचा आकडा घेऊन मी स्वतः येते. रेखा म्हणाली, “पाहा.”

त्या संध्याकाळी ती एक नळी मी दोनदा लावली, दोन्ही वेळा आधी कंट्रोल लावून. एकदा तीनशे एक आलं, एकदा दोनशे नव्व्याण्णव. एवढ्याशा फरकाला आमच्या धंद्यात फरक म्हणत नाहीत, रिपोर्टवर मधला तीनशे लिहिला. माझी लॅब आणि ती डबी दोघी एकच गोष्ट सांगत होत्या. खरं म्हणजे आधीही एकच सांगत असणार. एकीला मी ऐकलं नव्हतं आणि दुसरीला विचारलं नव्हतं.

मला आता कुणी विचारतं, बोटाचं बरं की दंडाचं. मी सांगते, दोन्ही बरी. डबीनं गावात जाऊन माणूस शोधावा, लॅबनं तो पक्का करावा. बोट धुवा, पिळू नका, थेंब पुरेसा घ्या. आकडा नवलाचा वाटला तर दंडातून पुन्हा घ्या, पण रद्द करू नका. शंका आली म्हणून रद्द करायचं नसतं, पुन्हा तपासायचं असतं. हे मला एकतीस वर्षांतल्या अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. आचल आता कॉलेजात आहे. गोळी रोज घेते, सहा महिन्यांनी रक्त तपासते आणि आकडा मला फोनवर कळवते. मी रिटायर झाले तरी तिनं ते थांबवलं नाही. आकडा सांगून झाला की ठेवते, जास्त बोलत नाही.

त्या दुसऱ्या दिवशी मी लॅबचा रिपोर्ट घेऊन गेले तेव्हा मायलेकी दोघी पडवीतच होत्या. मी कागद रेखाच्या हातात दिला. तिनं तो आचलकडं दिला, “वाच.” आचलनं आकडा वाचला. तीनशे.

“खरा आहे का हा?” रेखानं मला विचारलं.

“खरा आहे.”

“कालचा मशीनचा?”

“कालचाही खरा होता.”

तिनं कागद परत घेतला आणि घडी करून मुठीत धरला. मी म्हटलं, डॉक्टरांशी बोलले आहे, उद्या सकाळी या, मी गेटवरच थांबते.

“उद्या कायले?” रेखा उठली. पदर खोचला, कोपऱ्यातल्या चपला पायात सरकवल्या आणि आचलला हातानं उठवलं. “आत्ताच चला.”

तिनं दाराला कडी घातली आणि माझी वाट न बघता मुलीला घेऊन रस्त्याला लागली.